सुनेच्या नावावरचा ताप

आमच्या गावात दर पंधरा दिवसांनी एक माणूस सायकलवर यायचा आणि घरोघर एकच विचारायचा, कोणाला ताप आहे का? ताप नसला तर तो खूश होऊन पुढच्या घरी जायचा. असला तर त्याहून खूश होऊन सायकल भिंतीला टेकवायचा. सरकारने देशातला हिवताप मुळासकट काढायचं ठरवलं होतं. त्यासाठी कोणत्या घरात कोण कुडकुडतंय याची खबर पार दिल्लीपर्यंत जाते, असं तो सांगायचा. माझ्या सासूबाईंना ते काही पटत नसे.

"दिल्लीवाल्यासले मन्ह्या गोधड्यासनं काय काम?" असं त्या म्हणायच्या.

साठ सालाच्या पुढची ही गोष्ट. साल नेमकं आठवत नाही. माझ्या लग्नाला तेव्हा तीन वर्षं झाली होती. आमचं गाव तापीकाठचं, घर गुजरांचं, शेतात कापूस आणि थोडी केळी. मी चौथी पास. आमच्या गल्लीतल्या सुनांमध्ये वाचता येणारी मी एकटीच होते, पण हे कोणाला ठाऊक नव्हतं, कारण ते सांगायला तोंड उघडावं लागलं असतं. मी मुळातच लाजरी. त्यात आमच्याकडे सुनेने पुरुषमाणसासमोर यायचं नाही, बोलायचं तर नाहीच. मला ही रीत फार सोयीची वाटायची. दुसऱ्या सुनांचा तिच्यात जीव घुसमटायचा, माझा मात्र आरामात होता.

त्या माणसाला सगळे तापवाला म्हणत. खाकी अर्धी चड्डी, डोक्याला ओला रुमाल, खांद्याला पिशवी. पिशवीत काचेच्या लहान लहान पट्ट्या, सुई, कापूस आणि स्पिरिटची बाटली. बाटलीचं बूच काढलं की वास पार चुलीपर्यंत यायचा. ज्याला ताप असेल त्याचं बोट टोचून तो रक्ताचा थेंब पट्टीवर घ्यायचा. ती पट्टी धुळ्याला जायची आणि तिथे दुर्बिणीखाली बघायचे. लगेच चार गोळ्या मात्र जागच्या जागी गिळायला लावायचा. जाताना दारापाशी भिंतीवर आखलेल्या चौकोनात तारीख टाकून सही करायचा. त्या घरात वाचायला तेवढंच होतं. चूल सारवताना मी रोज त्या तारखा वाचायचे.

भिंतींवर औषध मारणारी टोळी वेगळी. ती वर्षातून दोनदा यायची. गाडगी-मडकी, धान्य, अंथरुणं सगळं अंगणात काढायला लावून ते पिचकारीने भिंती पांढऱ्या करून टाकायचे. ढेकूण मरायचे म्हणून सासूबाईंना ती टोळी आवडे. पण पांढरे ओघळ आवडत नसत. टोळी गावाबाहेर जायच्या आत त्या शेण-माती कालवायला बसायच्या आणि संध्याकाळपर्यंत भिंती सारवून चकचकीत. तापवाला आला की कपाळाला हात लावायचा.

"माय, औषध मच्छरासाठी मारलं होतं!"

"ते मांगे शेच ना. मी त्यान्हावर फक्त हात फिराया."

बायकांचं रक्त घ्यायची त्याची पद्धत ठरलेली होती. सून मधल्या दाराआड उभी राही आणि एक हात बाहेर काढी. तो मान खाली घालून बोट टोचायचा, थेंब घ्यायचा, कापूस ठेवायचा. हात आत जाई. मग गोळ्यांसाठी तळवा पुन्हा बाहेर येई. आत पाण्याचा घोट ऐकू आला की तो समजे, गोळ्या गेल्या. गल्लीतल्या सगळ्या सुना मी बोटांवरून ओळखतो, असं तो अभिमानाने सांगायचा. चेहरा त्याने एकीचाही पाहिला नव्हता. माझं तर बोटही पाहिलं नव्हतं, कारण मला कधी ताप आला नव्हता.

त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझी नणंद माहेरी आली. माझ्याहून चार वर्षांनी लहान, लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. सासर नवापूरकडे, जंगलाच्या अंगाला. आली ती झोक्यावर बसायला, गाणी म्हणायला, आंब्याचा रस खायला. पण चेहरा पिवळट, डोळे आत गेलेले. सणाच्या तिसऱ्या दिवशी भर दुपारी तिला थंडी वाजून आली. बाहेर असं ऊन की अंगणात पाय ठेववत नव्हता, आणि ही तीन गोधड्यांखाली दात वाजवतेय. दोन तासांनी घाम फुटला, उठून बसली, म्हणाली, "भाभी, भूक लागनी." एक दिवस सोडून पुन्हा तसंच. घड्याळ लावल्यासारखं.

सासूबाईंना काय ते लगेच कळलं. तापाची त्यांना भीती नव्हती, तो घरोघरी होता. भीती वेगळी होती. नणंदेची सासू लग्नापासूनच म्हणत होती, पोर नाजूक दिली, पाण्याचा हंडा उचलताना वाकते. आता ती आजारी आहे असं कानावर गेलं तर आयतं कोलीत मिळालं असतं. नणंदही तेच बोलायची, रोग माहेरून आणला असं सासू म्हणेल. गोधडीतून तोंड काढून म्हणायची, "भाभी, ती म्हनी माहेरथून रोग लई उनी. आनि पुढल्या आखाजीले धाडावच नही."

आणि खबर जाणार कशी, ते तापवाल्यानेच आम्हाला शिकवून ठेवलं होतं. घरात पाहुणा असेल आणि त्याला ताप असेल तर त्याच्या गावाचं नाव वहीत लिहितात. तशी चिठ्ठी त्याच्या गावच्या तापवाल्याकडे जाते आणि तो त्या घरी जाऊन चौकशी करतो. "देशात कुठंही जा, ताप लपत नाही," असं तो छाती काढून सांगायचा. सासूबाईंनी ते नीट ध्यानात ठेवलं होतं.

तापवाला आला तो नेमका तिच्या थंडीतापाच्या पाळीच्या दिवशी. सासूबाई ओट्यावर ज्वारी निवडत होत्या, मी आत पीठ मळत होते.

"राम राम माय. कोनले ताप शे का?"

"नही भाऊ."

"पाव्हनं कोनी उनं का?"

"कोनी नही."

तेवढ्यात आतून नणंद कण्हली. तीन गोधड्यांतूनही ऐकू जाईल अशी.

"मंग आत कोन कन्ही ऱ्हायनं?"

सासूबाईंचा सुपातला हात थांबला. मी आतून बघत होते. एवढ्या चपळाईने विचार करणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

"वहू शे मन्ही. कालदिनपाईन थंडी वाजी ऱ्हायनी तिले."

"मंग नही कसाले म्हनतस, माय? हात काढाले सांगा तिले."

सासूबाई आत आल्या. माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं, नणंदेला धरून दाराआड उभं केलं आणि तिचा तापलेला हात बाहेर काढला. मी पिठाच्या हातांनी चुलीपाशी तशीच. बाहेर तापवाला वही काढून घरची सून म्हणून माझं नाव लिहीत होता. सासूबाईंनी ते त्याला अगदी स्पष्ट सांगितलं, नवऱ्याच्या नावासकट. नणंदेने चार गोळ्या गिळल्या आणि तोंड वेडंवाकडं करून माझ्याकडे बघून हसली. मीही हसले. खरं सांगायचं तर तेव्हा मला गंमतच वाटली. ताप तिला आणि तापाचा मान मला.

गोळ्यांनी गुण आला. तापाच्या दोन पाळ्या चुकल्या, तशी ती झोक्यावर जाऊन बसली. सासूबाईंनी तिला शेवया, तूप, काय काय खाऊ घातलं. आठवड्याभराने तिचा दीर न्यायला आला. हळद-कुंकू लावताना सासूबाईंनी तिच्या गालांवर हात चोळून ते लाल केले. गाडीत बसताना ती माझ्या कानाशी लागून म्हणाली, "आते नही येवाव ना वं भाभी ताप?" मी मान हलवली. नाही म्हणून हलवली, पण मला काय ठाऊक होतं?

पुढच्या फेरीच्या आधीच तापवाला आला. ठरलेला दिवस नसताना आला म्हणून मी हातातलं काम टाकून दाराआड गेले.

"माय, तुन्ही वहून्या रगतमा हिवतापना जंतू निंघनात," त्याने दारातूनच सांगितलं. जणू मी परीक्षेत पहिली आले होते. "आते पाच दिन गोया घेन्या पडतीन. मी रोज ईसू. मन्ह्यासमोर."

"पन ती ते बरी झायी."

"तसं नही ऱ्हास, माय. त्या चार गोळ्यांनी ताप नुसता दबतो. जंतू आत बसून राहतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा उठतो." सरकारी गोष्ट सांगताना तो सरकारी मराठीत बोलायचा. "पाच दिवसांच्या या गोळ्या घेतल्या तरच तो मुळासकट जातो."

मग त्याने घसा खाकरला, आकाशाकडे बघितलं आणि सुनेला दिवस वगैरे गेलेत का, ते विचारलं. तसं असलं तर या गोळ्या द्यायच्या नाहीत, असा वरून हुकूम होता. सासूबाई म्हणाल्या, "तठेच ते घोडं आडनं शे," आणि मी दाराआड जमिनीत गेले.

सासूबाई आत येऊन कुजबुजल्या, "घे गियी. तुलेबी काय वाईट व्हवाव नही." मी हात बाहेर काढला. तळव्यावर गोळ्या पडल्या. इतकं कडू मी जन्मात काही खाल्लं नव्हतं. पाण्यावर पाणी प्याले तरी कडूपणा जिभेवरून हलेना. दिवसभर कानात गुणगुण.

पण गोळ्यांपेक्षा ते जंतूचं बोलणं जास्त कडू लागलं. मी गिळत होते त्या गोळ्या नणंदेच्या होत्या. ती तिकडे जंगलाच्या कडेला, अंगात जंतू घेऊन, बरी झाले असं समजून पाण्याचे हंडे उचलत असणार. आणि एखाद्या दुपारी तिच्या सासूसमोरच दात वाजायला लागणार. मग तिला कोण गोळ्या देणार? चिठ्ठी गेली नव्हती. तिथल्या तापवाल्याच्या वहीत तिचं नाव नव्हतं. तिचा ताप माझ्या नावावर होता.

संध्याकाळी भाकरी थापताना मी सासूबाईंना म्हटलं, "माय, गोया ताईन्या शेतस."

"माले समजस ते."

"तिले परत ताप येई."

"आनि चिठ्ठी गई ते तिन्ही सासू काय करी, ते समजस का तुले?" त्यांनी चुलीत लाकूड सारलं. रागावल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या. मी गप्प बसले. गप्प बसणं मला चांगलं जमायचं.

दुसऱ्या दिवशी मी डोकं चालवलं. गोळ्या जिभेखाली धरल्या, नुसतंच पाणी प्याले आणि तापवाला गेल्यावर त्या काढून पदराला गाठ मारली. पाच दिवसांच्या जमवायच्या आणि नवापूरकडे जाणाऱ्या कोणाबरोबर तरी धाडायच्या, असा बेत. थोड्या वेळाने गाठ सोडून बघते तर गोळ्यांचा चुना झालेला, लुगड्यालाच चिकटलेला. आणि धाडल्या असत्या तरी त्या किती, कशा घ्यायच्या हे तिला कोण सांगणार होतं?

तेव्हा मला वाटलं, लिहावं. बोलायचं काही माझ्याच्याने होणार नव्हतं. लिहिलं तर तोंड उघडावं लागत नाही. दुपारी सासूबाई लवंडल्या तसा मी कोनाड्यातला नवऱ्याचा पेन्सिलचा तुकडा घेतला आणि किराण्याच्या पुडीचा कागद मांडीवर सरळ केला. शाळा सोडल्यापासून एक अक्षर लिहिलं नव्हतं. 'रक्त' लिहायला मला कितीतरी वेळ लागला. त शेवटी इतका बारीक झाला की तो आहे की नाही कळेना. पण लिहिलं. काचेवरचं रक्त माझं नाही, नणंदेचं आहे. तिचं नाव, नवऱ्याचं नाव, गाव, तालुका नवापूर. गोळ्या तिला द्याव्यात. मला ताप नाही. खाली सही करावी की नाही याचा विचार केला आणि केली नाही.

तिसऱ्या दिवशी तापवाला आला. सासूबाई ओट्यावर होत्या. मी हात बाहेर काढला. गोळ्या घ्यायला पसरलेला तळवा नव्हता, मुठीत घडी केलेला कागद होता. त्याने तो घेतला. मला वाटलं, हा मुकाट्याने वाचेल, खिशात घालेल आणि काय करायचं ते करेल.

एक गोष्ट मी विसरले होते. आमच्याकडे बाईने वाचता येणाऱ्या माणसाच्या हातात कागद दिला की त्याचा अर्थ एकच, माहेरचं पत्र आलंय, वाचून दाखवा. गावात चार घरी तो पत्रं वाचून दाखवायचा. बाईनेच ते लिहिलं असेल हे त्याच्या स्वप्नातही आलं नाही. तो ओट्यावर ऐसपैस बसला, घसा साफ केला आणि पलीकडच्या गल्लीत जाईल अशा आवाजात सुरू झाला, "काचेवरचं रक्त माझं नाही, नणंदेचं आहे..."

तिथे त्याचा आवाज अडखळला. पण पत्र अर्ध्यावर सोडायची त्याला सवय नव्हती. हळूहळू का होईना, नवापूर तालुक्यापर्यंत वाचलं. मग कागद उलटसुलट करून पाहिला.

"माय," तो म्हणाला, "हाई काय शे?"

"येडी शे ती," सासूबाई म्हणाल्या. "तिले लिखता कोठे येस?"

"मंग हाई कोनी लिखं?"

"माले काय माहीत? पुडीवर छापेल व्हई."

आता तापवालाही घाबरला. त्याच्या वहीत चूक, धुळ्याच्या वहीत चूक, आणि वर साहेब तपासायला आला तर काय? तो उभा राहिला, दाराकडे तोंड केलं, मान मात्र खालीच. "वहिनी, मी तुमले विचारस. हाई खरं शे का?"

सासूबाई दाराच्या फटीतून माझ्याकडे बघत होत्या. त्यांची नजर मला सांगत होती, नाही म्हण. नाही म्हणायला मला बोलावंही लागलं नसतं. नुसता तळवा बाहेर काढला असता, गोळ्या पडल्या असत्या, झालं. मला नणंदेचा तो कानाशी आलेला गरम श्वास आठवला.

"खरं शे," मी म्हटलं.

आवाज असा फुटला की मलाच तो माझा वाटेना. परक्या पुरुषाशी बोललेले माझे ते पहिले शब्द, आणि तेही सासूबाईंच्या विरुद्ध.

तापवाल्याने वहीत बरीच खाडाखोड केली. माझा कागद घडी करून वहीत ठेवला. आज गोळ्या नाहीत म्हणाला. सासूबाईंना तो म्हणाला, "माय, तुन्ही पोरना जीव वाचना." त्या सूप उचलून आत गेल्या.

पुढचे कितीतरी दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. पण घर तर चालायला हवं. म्हणून त्या जे काही सांगायचं ते म्हशीला सांगू लागल्या. "आज वरनमा मीठ जास्त झायं वं म्हशी." "म्हशी, पापड उनमा वायाले टाकेल शेतस, सांज पडनी." म्हैस कान हलवायची आणि मी जाऊन पापड उचलायचे. एकदा तर म्हणाल्या, "म्हशी, तुले लिखता येस, ते सांगं बी नही आम्हले." ते ऐकून नवरा हसत हसत गोठ्याबाहेर गेला. त्यालाही ठाऊक नव्हतं.

हसत होते सगळे, पण निरोपाची वाट मी आणि सासूबाई दोघीही बघत होतो. नवापूरकडची गाडी रस्त्याने गेली की त्यांचा हात सुपात थांबायचा. चिठ्ठी पोचली असेल का, तिच्या सासूने काय केलं असेल, तिला परत पाठवलं तर नसेल? मी रोज मनात माझं 'खरं शे' परत घ्यायचे आणि रोज पुन्हा म्हणायचे.

राखीला नणंद आली. नवरा स्वतः पोचवायला आला होता. मी दाराआडून आधी तिचे गाल बघितले. कोणी न चोळता लाल होते. जावई पुढच्या ओट्यावर बसले आणि ती आत आल्या आल्या चुलीपाशी फतकल मारून सांगत सुटली.

तिच्या सासरी तापवाला चिठ्ठी घेऊन गेला तेव्हा ती नेमकी गोधडीखाली होती. ताप परत आला होता. सासूने माहेराचा उद्धार सुरू केला होता. तापवाल्याने सांगितलं, एका घरात एकाला निघाला तर घरातल्या सगळ्यांचं रक्त बघावं लागतं. सगळ्यांची बोटं टोचली. "आनि वं भाभी, मन्ही सासूनबी निंघना!" तिला दर थोड्या महिन्यांनी थंडी वाजून यायची आणि ती म्हणायची, नजर लागली. म्हणजे नणंद माहेरून काही घेऊन गेलीच नव्हती. सासरी होतं तेच तिने उचललं होतं. मग पाच दिवस सासू-सून शेजारी शेजारी दाराआड. दोन हात बाहेर. सासू गोळी गिळताना डोळे मिटायची आणि सुनेला म्हणायची, आधी तू गीळ, मग मी. शेवटच्या दिवशी तिने नणंदेच्या तोंडात स्वतः गुळाचा खडा घातला. तेव्हापासून ती नाजूक पोर हा शब्द काढत नाही.

नणंद तिची नक्कल इतकी हुबेहूब करत होती की सासूबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. हसता हसता डोळे पुसले आणि मग अचानक ताठ बसल्या.

"मंग? मी काय उगाच धाडी का ती चिठ्ठी?" त्या नणंदेला म्हणाल्या. "मी म्हनं त्या तापवालाले, मन्ही पोरन्या जीवथून मोठं काही नही. लिख तिन्हं गाव."

नणंदेने त्यांच्या गळ्यात हात टाकला. मी चुलीवरचा चहा उतरवला. काय बोलणार? तीन महिन्यांपूर्वी मी दोन शब्द बोलले होते, ते मला पुष्कळ दिवस पुरणार होते.

चहा कपात ओतला. सासूबाईंनी आपला कप घेतला, एक घोट प्यायल्या आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा थेट माझ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "वहू, साखर कमी पडनी."

मी उठून साखरेचा डबा आणला.